हातोडीचा धडा

सुटीच्या दिवशी एखादा मुलगा घराच्या पडवीत पत्रा, कातर आणि हातोडी घेऊन बसला, की घरची मोठी माणसे त्याला बहुधा हटकतात. "असल्या गाड्या बाजारात हव्या तितक्या मिळतात. त्यापेक्षा पुस्तक उघड!" असे शब्द त्याच्या कानी पडतात. या बोलण्यात माया असते, परंतु विचार थोडा असतो. हाताने पत्रा घडवून लहानशी मोटारगाडी तयार करणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. तो बुद्धीचा आणि त्याहूनही अधिक स्वभावाचा अभ्यास आहे.

उदाहरणार्थ, पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसॅडर गाडी पाहावी. तिची लांबी सुमारे ४.३ मीटर, म्हणजे एक-दशांश प्रमाणातील प्रतिकृती ४३ सेंटिमीटरांची होईल. येथवरचे काम गणिताचे आहे. खरी परीक्षा पुढेच. त्या गाडीचे छत, बॉनेट आणि चाकांवरील मडगार्ड दोन्ही दिशांनी गोलावलेले असतात. कागद नळीभोवती सहज गुंडाळता येतो. पण चेंडूभोवती गुंडाळू लागताच त्याला सुरकुत्या पडतात. पत्र्याचेही तसेच आहे. तो नुसता वाकवून भागत नाही. मध्यभागी ताणावा लागतो, नाही तर कडेला आक्रसून घ्यावा लागतो. भूमितीचे हे सत्य फळ्यावर समजावून देण्यास तास लागतो. हातोडीखाली ते दहा ठोक्यांत उमगते.

काम करण्याची रीतही मोठी बोधप्रद आहे. प्रथम गाडीच्या आकाराचा लाकडी साचा कोरून घ्यावयाचा. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर आखणी करावयाची. कापलेला तुकडा वाळूने घट्ट भरलेल्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावयाचे आणि वारंवार साच्यावर बसवून पाहावयाचा. थोड्याच वेळात पत्रा ताठर होतो व ठोक्यांना दाद देईनासा होतो. अशा वेळी नवशिका चिडून जोर वाढवतो आणि पत्रा चिरतो. जाणता मात्र थांबतो. तो पत्र्यावर साबण चोळून त्याला बेताची ऊब देतो आणि साबण काळा पडताच ज्योत दूर करतो. या खुणेची गरज अशी, की ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि त्याआधी लोखंडाप्रमाणे लाल होऊन सूचना देत नाही. निवलेला पत्रा पुन्हा मऊ झालेला असतो. विस्तवाचे हे काम अर्थातच वडीलधाऱ्यांच्या देखत व्हावे, आणि पत्र्याच्या धारदार कडा आधी कानशीने घासून घ्याव्यात.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे कारागीर याच नियमाने तांब्याची भांडी घडवीत आले आहेत. तापवावे, ठोकावे, पुन्हा तापवावे आणि शेवटी एकाशेजारी एक सारखे ठोके देऊन भांडे मठारावे, ही त्यांची परंपरा. यंत्रावर घडलेली स्टीलची भांडी घरोघर आल्यावर या हातांचे काम कमी झाले. अशी विद्या एकदा गेली की ती पुस्तकातून परत आणणे कठीण. कारण ठोका किती जोराचा द्यावा हे अक्षरांत मावत नाही. ते मनगटाने मनगटाकडूनच शिकावे लागते.

यंत्र क्षणात हजार आकार दाबून काढीत असता हाताला शिणवावे कशाला, असे कोणी विचारील. हजार भांडी हवी असतील तर यंत्रच योग्य, यात शंका नाही. परंतु शाळेला भांडी घडवावयाची नसून माणसे घडवावयाची असतात. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला, तो याच दृष्टीने. हात आणि बुद्धी यांची फारकत झाली, तर दोन्ही पंगू होतात.

पत्र्याला खुशामत ठाऊक नाही. चुकलेले उत्तर वहीतून खोडता येते. चुकलेला ठोका मात्र खळगा होऊन समोर राहतो आणि तो शांतपणे, मागच्या बाजूने, हळूहळू उचलून घ्यावा लागतो. आपली चूक डोळ्यांसमोर ठेवून ती आपल्याच हाताने सुधारण्याची ही सवय जन्मभर पुरते. मुलाची पहिली गाडी वाकडी होईल, तिचे एक दार दुसऱ्याहून मोठे होईल. तरीही ती घरात मानाने ठेवावी. विकत आणलेली गाडी मुलाच्या हाती येते, तेव्हा मूल होते तसेच राहते. स्वतः घडवलेली गाडी पुरी होते, तेव्हा मूलही थोडे घडलेले असते.