वय घराण्याचं की वस्तीचं?

'शुगर आमच्या घराण्यातच आहे हो' हे वाक्य नवी मुंबईत नेरुळपासून वाशीपर्यंत सकाळच्या फेरीत हमखास ऐकू येतं. त्यामागचा पूर्वपक्ष असा: म्हातारपण कसं जाणार ते जन्मतःच ठरलेलं, पथ्य-व्यायाम ही मनाची समजूत. दाखला तयारच असतो, महर्षी कर्व्यांचा. जन्म 1858, निधन 1962, वय 104. घराणंच चिवट!

मग त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव 1953 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, वडिलांच्या आधी कसे गेले? मुलात आईचंही रक्त असतं, असा बचाव होईल. तो मान्य. पण मग बापाच्या वयावरून स्वतःचं भविष्य सांगणं थांबवा. आणि एका घरावर विसंबायचं नसेल, तर 1870 ते 1900 मध्ये जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांच्या 2,872 जोड्यांचा अभ्यास आहे. आयुर्मानातल्या फरकाचा जेमतेम चौथा हिस्सा जनुकांच्या पदरात पडला.

इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या संशोधकांनी अलीकडे हा वाटा निम्म्यापर्यंत नेला, हे लपवायचं कारण नाही. तो वाढला कसा, तेही पाहावं: अपघात, संसर्ग अशी बाहेरून येणारी मरणं हिशेबातून वजा करून. शास्त्र म्हणून ही वजाबाकी रास्त. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्याला ती कोण करून देणार?

म्हणजे जीवनशैलीवाले जिंकले? छे. त्यांचा उपदेश मला जास्त खटकतो. चाला, घाम गाळा, वेळेवर जेवा! वाशीच्या बाजार समितीतला माथाडी पाम बीच रस्त्यावर धावणाऱ्या कुणाहीपेक्षा जास्त घाम गाळतो. पन्नास किलोची पोती पाठीवरून वाहताना कंबर आणि गुडघे झिजतात, ते शिस्तीच्या अभावानं नव्हे. 1969 च्या माथाडी कायद्यानं त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, नवे गुडघे नाही.

सिडकोनं 1970 नंतर 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवलं. भातशेती, मिठागरं गेली, खाडीची मासेमारी आक्रसली. आगरी-कोळी घरांची जनुकं एका पिढीत बदलली नाहीत. बदलली ती कामं, ताटं आणि दिवसाची चाल. ती बदलायची की नाही, हे त्यांना कुणी विचारलं होतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. बाळं वजनानं हलकी, तरी अंगात चरबी त्या मानानं जास्त. पुढच्या मधुमेहाचं बीज आईच्या पोषणात, गर्भातच पडत असावं. हे खापर ना आजोबांच्या रक्तावर फोडता येतं, ना पोटातल्या बाळाच्या आळसावर!

माझा पक्ष सरळ आहे. जगण्याची रीत रक्तापेक्षा भारी पडते, पण ती बरीचशी वस्तीनं आणि कामानं घडवलेली असते. नवी मुंबईला तर 'शहर आपोआप वाढलं' अशी सबब सांगण्याचीही सोय नाही. पदपथ, मैदान, कारखाना कुठे, हे इथे नकाशावर आखलं गेलं. तेव्हा सत्तरीच्या आजींना भाजीपर्यंत चालत जाता येत नसेल, तर त्यांची जनुकं तपासण्याआधी नगररचना विभागातला तो नकाशा उघडावा. आणि पोत्याचं वजन किती असावं, हे हमालाच्या पाठीऐवजी व्यापाऱ्याला विचारावं.