३५० रुपयांचा पंखा आणि २३ हजारांचा डबा

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे शेवटी गाडी तिकडंच जाणार आहे, पण सुरुवात माझ्या टेबलाखालच्या एका काळ्या डब्यापासून.

या डब्यात दोन हार्ड डिस्क आहेत. घरच्या राउटरला जोडलेला असतो, रात्रंदिवस चालू. बायको त्याला 'तुमची तिजोरी' म्हणते, आणि ते खरंच आहे. २००६ पासून काढलेला एकूण एक फोटो त्यात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या दिवसांतल्या घागरींच्या रांगा आहेत. ग्रामसभांचे व्हिडिओ आहेत, आणि त्यातली आश्वासनं देणारी मंडळी आज काय बोलतात ते तुम्ही ऐकताच. एका ज्येष्ठ पत्रकार काकांनी १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या निगेटिव्ह दिल्या होत्या, त्या स्कॅन करून यातच ठेवल्यात. ज्या पेपरांत हे छापून आलं, त्यांच्याकडंही यातलं बरंचसं आता नाही.

मार्चअखेरीस डब्यातून घरघर सुरू झाली. मी दुर्लक्ष केलं. (पत्रकार दुसऱ्याच्या दुर्लक्षावर अग्रलेख लिहितो, स्वतःचं चालतं.) एप्रिलमध्ये एका रात्री दोन वाजता डबा किंचाळायला लागला. बघतो तर मागचा पंखा बंद, डिस्कचं तापमान ५७. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. बहुतेक डिस्कना ६० च्या आसपास मर्यादा सांगितलेली असते. डिस्क दोन आहेत, एक गेली तर दुसरीवर तेच असतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण दोन्ही एकाच डब्यात एकाच वेळी भाजत असतील तर दोन प्रतींचा उपयोग काय? डबा बंद केला. सकाळी समोर टेबलफॅन लावून आधी सगळा माल बाहेरच्या डिस्कवर काढला. त्यात दोन दिवस गेले. पंखा बदलायच्या आधी हेच करायचं असतं, हे आता कळलं.

मग पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर आलं, "सर, फॅन वेगळा मिळत नाही. वॉरंटी संपलीय. नवीन मॉडेल घ्या, २३ हजारांपासून आहे." कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसरी कंपनी काही वेगळं बोलली असती असं मला वाटत नाही.

शेवटी बसस्टँडमागच्या आपल्या रिपेअरवाल्याकडं गेलो. तीन स्क्रू काढून त्यानं पंखा हातात घेतला, बोटानं फिरवला आणि म्हणाला, "भैया, बेअरिंग सुकलंय. डब्याला काहीच झालं नाही." साधा ९२ मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा. दुकानात तीन वायरींचा होता तो लावून बघितला. फिरला, पण सारखा फुल स्पीडनं, पिठाच्या गिरणीसारखा. मूळ पंख्याला वायरी चार. दोन करंटच्या, तिसरी पंखा किती फिरतोय ते मशीनला सांगते, चौथीवरून मशीन त्याला किती फिर ते सांगतं. चार वायरींचा बॉल बेअरिंगचा मागवला, ३५० रुपये. त्याची पिन डब्यात बसेना, कंपनीनं पिन वेगळीच ठेवलेली. वायरींचे रंगही जुळेनात. त्यानं मीटर लावून एकेक वायर ओळखली, जुनी पिन कापून नव्या पंख्याला झाळली. बसवताना हवा कुठल्या बाजूला जाते तेही बघितलं. पंख्याच्या कडेला बारीक बाण असतो, तो मला आजवर दिसलाच नव्हता. मजुरी दीडशे. आता भर दुपारीही डिस्क ४५ च्या आत आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. नकली पार्ट लागतात, चुकीच्या हातात मशीन जळतं. पण मग खरा पार्ट विका ना! पिन कुठली, वायरींचा क्रम काय, एवढं एका कागदावर द्यायला काय जातं? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स आहे, घरगुती उपकरणं आहेत, गाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. चांगलं झालं. पण पोर्टलवर माहिती टाकणं हे कंपनीच्या मर्जीवर राहिलं, तर ट्रॅक्टरच्या एका सेन्सरसाठी पेरणीच्या दिवसांत शेतकरी शोरूमच्या दारातच बसणार. पार्ट आणि माहिती द्यायची सक्ती हवी, अमुक इतकी वर्षं, कायद्यानं. आणि ती फक्त कंपनीच्या सेंटरला नको, बसस्टँडमागच्या दुकानालाही मिळायला हवी.

आता येतो राजकारणाकडं. आपल्या मुख्य चौकातले सीसीटीव्ही किती महिने बंद आहेत ते तुम्ही रोज बघता. विचारलं की एकच उत्तर, "नवीन संचाचा प्रस्ताव पाठवलाय." कॅमेरे खरंच गेलेत, की आत असाच एखादा पंखा किंवा पॉवर सप्लाय गेलाय, हे कुणी उघडून बघितलंय का? ३५० च्या पार्टात टेंडर निघत नाही, हे मला समजतं. मशीन उघडायचं काम आपल्या पोरांना येतं, पण त्यांना तिथं बोलावतं कोण?

माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, १० रुपयांचा स्टॅम्प लावून सोमवारी देतोय. प्रश्न तीनच: नेमका कुठला भाग बिघडला, तो कुणी तपासला, आणि दुरुस्तीचं कोटेशन मागवलं होतं का. शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत असं 'बंद पडलंय' म्हणून झाकून ठेवलेलं मशीन तुमच्या माहितीत असेल तर खाली लिहा. दुसऱ्या अर्जात तेही घेतो.