डोंगर रिकामा नसतो

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही सहाजणी कळसूबाईला गेलो. सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे, नवऱ्याचा चहा, सगळ्याची सोय लावून मिळवलेले दोन दिवस. पहाटे बारी गावातून चढायला लागलो. गळ्यात माझा कॅमेरा, आणि मनात एकच हौस, की आज डोंगराचे मनासारखे फोटो काढायचे.

पहिल्या लोखंडी शिडीच्या अलीकडे मागे वळून पाहिलं. खाली कापणी झालेली भातखाचरं, वर डोंगराची धार, कोवळं ऊन. कॅमेरा डोळ्याला लावला, तर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई समोर आली. मी थांबले. मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे तिला, मग काढ." ती गेली. मग मी फोटो काढला. छान आला. मोठा करून घरच्या भिंतीवर लावला.

एक दिवस पाहुणे म्हणाले, "काय शांत जागा आहे! माणसाचा मागमूस नाही!" मी ओशाळले. मागमूस होता. तो मीच पुसला होता.

मैत्रिणींनो, आम्ही कुठल्या डोंगरावर होतो ते बघा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. त्याला नाव एका कामकरी मुलीचं. तिथली लोककथा सांगते, की काळसू नावाची कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही तिची अट. घरच्यांनी एक दिवस अट मोडली आणि दोन्ही कामं तिला सांगितली. तिनं ती केली, आणि लगेच डोंगर चढून गेली. मरेपर्यंत खाली आली नाही. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. नवरात्रात आजही माणसं तिच्या दर्शनाला शिखरावर चढतात. म्हणजे या डोंगराच्या नावातच बाईचे कष्ट आहेत आणि तिचा नकारही आहे. आणि आम्ही त्याच डोंगरावर उभ्या राहून मोळीवाली बाजूला होण्याची वाट बघतो!

कुणी म्हणेल, "निसर्गाच्या फोटोतसुद्धा तुम्हाला बाई-पुरुष दिसतात का? सौंदर्याचा तरी आनंद घ्या!" आनंद आम्हीही घेतो. त्यासाठीच तर घरातून भांडून निघतो. पण डोंगरावरची पायवाट कुणाच्या पायांनी पडली? सरपणाला, पाण्याला, गुरांमागे रोज जाणाऱ्या बायामाणसांच्या. ती वाट आपण वापरायची आणि वाट पाडणारीला चित्रातून घालवायचं, हे कसलं सौंदर्य? शहरातल्या घरात स्वयंपाक दिसतो, स्वयंपाक करणारीचे कष्ट दिसत नाहीत, अशी तक्रार आपण इतकी वर्षं करत आलो. डोंगरात गेल्यावर आपणच तेच करतो.

आणि हे नुसतं चित्रापुरतं राहत नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे कृष्णधवल फोटो जगभर गाजले. त्यांत कडे, धबधबे, बर्फ; माणूस जवळजवळ नाहीच. पण त्या खोऱ्यात मूळचे अहवाहनीची लोक राहत होते. त्यांच्या बायका ओकची फळं वेचून, कुटून त्यांचं पीठ करत. १८५१ साली सशस्त्र तुकडी पाठवून त्या लोकांना हुसकावलं गेलं. १८९० साली राष्ट्रीय उद्यान झालं. जे परत येऊन राहिले, त्यांची शेवटची घरंही १९६९ मध्ये पाडली गेली. आधी माणसं काढली, मग रिकामी जागा सुंदर म्हणून जगाला दाखवली.

आपल्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत गावं आहेत, शेतं आहेत, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि विवाहितांच्या जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा असंही सांगितलं. हा हक्क मागायला गेलेल्या बाईला आधी हेच सिद्ध करावं लागतं, की ती तिथे आहे, तिथे कसते, तिथे राबते. अशा वेळी 'निर्मनुष्य सह्याद्री' दाखवणारा प्रत्येक फोटो तिच्या विरोधात साक्ष देतो. डोंगर रिकामाच आहे असं एकदा सगळ्यांच्या डोळ्यांत ठसलं, की तिथे बंगल्याचे प्लॉट पाडणाऱ्यालाही सोपं जातं.

याचा अर्थ न विचारता तिचे फोटो काढत सुटा, असा नाही. डोक्यावर हंडा, मागे सूर्यास्त, अशी कॅलेंडरवरची बाई आपण खूप पाहिली. त्यात हंड्याचं वजन कधी दिसत नाही, विहीर किती लांब आहे तेही दिसत नाही. शोभेची वस्तू होणं हेसुद्धा पुसलं जाणंच आहे.

मग करायचं काय? थांबायचं. बोलायचं. विचारायचं, "बाई, काढू का फोटो?" नाही म्हणाली तर कॅमेरा खाली. काळसूनं नकार दिला होता, तसा तिलाही देता यायला हवा. हो म्हणाली तर नाव विचारायचं, आणि तिची हरकत नसेल तर ते फोटोखाली लिहायचं. आणि फोटोची एक प्रत तिच्या घरी पोचवायची.

माझा तो फोटो अजून भिंतीवर आहे. खाली मी एक चिठ्ठी लावली आहे: 'इथून एक बाई मोळी घेऊन गेली. ती जाईपर्यंत मी थांबले होते. तिचं नाव मी विचारलं नाही.' आता येणारे पाहुणे डोंगराआधी ती चिठ्ठी वाचतात, आणि मग ती बाई कुठे असेल म्हणून फोटोत शोधत राहतात.