मनोरा किती थरांचा ते सांगता, खाली काय होतं तेही सांगा

पावसाळा सुरू झाला की आपल्या तालुक्यातल्या शाळांत मानवी मनोऱ्यांचा सराव सुरू होतो. पंधरा ऑगस्टला आधी झेंडावंदन, मग कवायत, लेझीम आणि शेवटी मनोरा. सगळ्यात वर सहावी-सातवीतलं हलकं पोर, त्याच्या हातात तिरंगा. पालकांचे मोबाईल वर, पाहुण्यांच्या टाळ्या. दृश्य छानच असतं, कुणाला आवडणार नाही? माझा प्रश्न देशभक्तीबद्दल नाही, शिस्तीबद्दलही नाही. पोरं ज्या जमिनीवर उभी असतात, ती कसली आहे एवढंच मला विचारायचंय.

बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक. नाहीतर सिमेंटचा कोबा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शाळांची मैदानं निधीतून ‘सुशोभित’ झाली. चिखल गेला, बूट स्वच्छ राहायला लागले, कोनशिलेवर नावं आली. मैदानाचा पार्किंग लॉट झाला हे कुणी बोललं नाही. त्याच फरशीवर पोरं खो-खोत सूर मारतात, त्याच फरशीवर तीन थर लावतात.

थोडं गणित करू, आठवीच्या विज्ञानाचं. दहा फुटांवरून पडलेलं शरीर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण २८ किलोमीटर असतो. कोण पडलं, कुठे पडलं, याने हा वेग बदलत नाही. बदलतं ते थांबण्याचं अंतर. भुसभुशीत मातीत किंवा चार इंची गादीवर तो वेग काही सेंटिमीटरांत जिरतो. सिमेंटवर काही मिलिमीटरांत. उरलेला हिशोब डोकं आणि मणका भरतो.

आता जरा अमेरिकेत जाऊ. तिकडच्या हायस्कुलांत चीअरलीडिंग म्हणून प्रकार आहे. आपल्याकडे आयपीएलमुळे त्याची चेष्टाच जास्त झाली, पण शाळांच्या स्पर्धांत तो जिम्नॅस्टिक्स आणि मनोरे यांचा अवघड खेळ आहे. मुलीला तीन-चार जणांनी हवेत उंच उडवायचं आणि परत झेलायचं, याला ते बास्केट टॉस म्हणतात. मार्च २००६ मध्ये बास्केटबॉलच्या एका सामन्यात कॉलेजची एक चीअरलीडर मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फुटांवरून थेट लाकडी कोर्टवर डोक्यावर आपटली. स्ट्रेचरवरून नेतानाही ती बँडच्या तालावर हात हलवत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (टाळ्या सगळीकडे सारख्याच.) पण नियम करणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. चटई नसेल तर बास्केटबॉल कोर्टवर बास्केट टॉस बंद. हायस्कूलच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलंय की असा टॉस योग्य चटईवर, गवतावर किंवा रबरासारख्या मऊ पृष्ठभागावरच करायचा.

२००९ मध्ये ओहायोतल्या एका बालरुग्णालयाच्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या पृष्ठभागांची चाचणी घेतली. किती उंचीवरून डोकं आपटलं तर जीवघेणी इजा होऊ शकते, हे त्यांनी मोजलं. स्प्रिंगच्या फ्लोअरवर ही उंची ११ फुटांहून जास्त निघाली. काँक्रीटवर अर्धा फूट. परत वाचा, अर्धा फूट! म्हणजे वीत-दीड वीत नाही, एक वीतसुद्धा नाही. २०१२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की कठीण, ओल्या किंवा उंचसखल जागेवर असे प्रकार करूच नयेत आणि मनोरा दोन माणसांपेक्षा उंच नको.

तिकडे सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. खासगी क्लबांना स्प्रिंगचा फ्लोअर आणि शाळांच्या स्पर्धा बहुतेक साध्या फोमच्या चटईवर, यावरून वाद आहेत. पण वाद चटई कोणती यावर आहे. आपला वाद तिथवर पोचलेलाच नाही.

आपण भांडलो ते उंचीवर आणि वयावर. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला २० फुटांची मर्यादा घातली, १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. मग सर्वोच्च न्यायालय, मग परत उच्च न्यायालय. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा गेली आणि १४ वर्षांखालची मुलं चढणार नाहीत या सरकारच्या हमीवर विषय संपला. २०२२ मध्ये साहसी खेळाचा दर्जा आला, गोविंदाचा मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत आली. मदत हवीच. पण पडल्यावर किती द्यायचे हे ठरवायला जेवढी घाई झाली, तेवढी पडताना खाली काय असावं याची झाली नाही. आणि चौदाची अट दहीहंडीला लागते म्हणे, शाळेच्या मनोऱ्याला नाही! बारा वर्षांचं पोर चौकात चढलं तर बेकायदा, शाळेत चढलं तर सांस्कृतिक कार्यक्रम.

‘आमच्या वेळी कुणाला काय झालं?’ हे मला कमेंटमध्ये नक्की येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. दादा, तुमच्या वेळी खाली माती होती. पावसात भिजलेली, घोट्याएवढा चिखल असलेली. परंपरेचं म्हणाल तर आपल्या तालमींइतकं जमिनीचं शहाणपण कुणालाच नव्हतं. हौद्यातली लाल माती चाळायची, त्यात ताक, तेल, हळद घालायची, रोज कुदळीने उकरायची, मगच पैलवान उतरायचा. मल्लखांबाखालीही उघडी फरशी कुणी ठेवत नाही. परंपरा जपायची तर वरचे थर तेवढे उचलायचे आणि खालची माती टाकून द्यायची, हे कसं चालेल?

एका मुख्याध्यापकांशी बोललो. म्हणाले, “साहेब, पटतंय हो, पण गाद्या आणायच्या कुठून? खडूला पैसे नाहीत.” माणूस खोटं बोलत नव्हता. पण पेव्हर ब्लॉकला पैसे होते ना? ज्या निधीतून फरशी आली त्याच निधीतून मैदानाचा एक कोपरा उकरून वाळू-माती टाकता येते. मंडळांचं तर बोलूच नका. डीजे, क्रेन, सेलिब्रिटी, फ्लेक्स यांचा खर्च निघतो आणि गाद्यांच्या वेळी वर्गणी संपते. गादी टाकली तरी एक पातळ थर, तोही स्टेजच्या बाजूला, फोटोत दिसेल असा. सरावाला तर तीही नाही, आणि पोरं जास्त पडतात ती सरावातच.

माझं म्हणणं साधं आहे. गादी किंवा माती नसेल तर शाळेत मनोरा नको. लेझीम करा, झांजपथक करा, झेंडा कमी फडकणार नाही. ज्यांना मनोरा करायचाच आहे त्यांनी सरावाच्या पहिल्या दिवसापासून खाली गाद्या टाकाव्यात, दोन थरांवर थांबावं आणि पाऊस पडून फरशी ओली असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवावा.

बहुतेक शाळांत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पालक आहेत, म्हणजे तुम्हीच. या महिन्याच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा. काय उत्तर मिळालं ते मला इनबॉक्स करा, शाळेचं नाव न घेता छापतो. आणि यंदा मनोऱ्याचा फोटो पाठवताना वरचं पोर कापलं गेलं तरी हरकत नाही, खालची जमीन दिसेल असा काढा.