व्हिजिबिलिटी झिरो

"संगमावरचा सूर्योदय बघितला नाहीस तर सोलापूर जिल्हा बघितलाच नाहीस," हे मी कॉलेजपासून ऐकत आलेय. माझी मैत्रीण मूळची मंद्रूपची. सोलापूर-विजापूर हायवेवरचं गाव. भीमा आणि सीना जिथे भेटतात ते हत्तरसंग कुडल याच भागातलं. दहा वर्षं आमचा प्लॅन 'नक्की, पुढच्या वीकेंडला' याच्या पुढे सरकला नाही. तुमचाही असा एखादा असेलच!

जानेवारीतल्या त्या रविवारी मात्र 'पुढचा वीकेंड' शिल्लक नव्हता. फेब्रुवारीत मॅडम टोरांटोला निघणार होत्या. मंद्रूपचं आजीचं घर विकायला काढलं होतं, घेणारे सकाळी दहाला येणार होते. संगम बघायचा तर त्याआधीच.

साडेपाचला कार काढली आणि समोर... काहीच नाही! रस्ता नाही, झाडं नाहीत, नुसतं पांढरं. हेडलाइट अप्पर केले तर ते आणखीच पांढरं झालं. मग डिपरवर, सायकलच्या स्पीडने. एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाले मामा म्हणाले, "धुई पडलीया, सावकाश जावा. हिच्यानं ज्वारीवर चिकटा पडतोय बघा."

एक किलोमीटरच्या आतलंही दिसेनासं झालं की हवामानवाले त्याला धुकं म्हणतात. आम्हाला दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. आदल्या रात्री आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला होता म्हणून आम्ही खूश होतो. नेमकं तेच नडलं. अशा रात्री जमीन भराभर गार होते आणि शेजारी नदी, ओली रानं असली की जमिनीलगतच्या बाष्पाचं धुकं होतं.

अशा ड्रायव्हिंगचा एक फायदा असतो. दोघींनाही समोरच बघावं लागतं. मी विचारून टाकलं, "व्हिसा झाल्यावर तीन महिन्यांनी का सांगितलंस मला?"

बराच वेळ वायपरचाच आवाज.

"आईला सांगितलं तेव्हा ती रडली. ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा पार्टी मागितली. तुला सांगितलं असतं ना, तर मी खरंच चाललेय असं झालं असतं."

यावर काय बोलणार? मी काच पुसली.

कुडलला पोचेपर्यंत आठ वाजून गेले. घाटावर उभ्या राहिलो. पाण्याचा वास येत होता, कुठूनतरी पक्षी ओरडत होते, पण भीमा कुठली आणि सीना कुठली, पत्ता नाही. मैत्रीण हवेत बोट फिरवत "ही इकडून येते, ती तिकडून" असं सांगत राहिली. मी मान डोलावत राहिले.

मग देवळांत शिरलो. हरिहरेश्वराच्या देवळात एकाच शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, ती मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितली. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख आहे. मराठीच्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक. त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ, जो हे वाचेल तो विजयी होईल. आम्ही दोघी टॉर्च धरून एकेक अक्षर लावत बसलो. जेमतेम तीन-चार लागली.

"पास की नापास?" तिने विचारलं.

"एटीकेटी," मी म्हटलं. कित्येक महिन्यांनी दोघी पोट धरून हसलो.

नऊला परत फिरलो. मंद्रूपला घराच्या दारात गाडी लावली तेव्हा लख्ख ऊन! घेणारे येऊन बसले होते. ती आत गेली, मी पायरीवर बसून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती डोळे पुसतच. या वेळी मी समोर बघितलं नाही, तिच्याकडेच बघितलं.

माझ्या डेस्कटॉपवर सध्या त्या सकाळचा फोटो आहे. सगळा करडा, मधे लाल स्वेटर आणि हवेत उठलेलं एक बोट. ऑफिसमध्ये जो येतो तो विचारतो, "यात संगम कुठाय?"

मी बोट दाखवते. ही इकडून येते, ती तिकडून.