भाताचा भाव आणि परराष्ट्राचे धोरण

परराष्ट्र धोरण आणि अर्थकारण हे दिल्लीतील विद्वानांचे विषय होत. खेड्यातील माणसाने आपली मजुरी, मुलांचे शिक्षण आणि विहाराची वर्गणी एवढ्यापुरतेच बोलावे, असे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. दुःखाची गोष्ट ही की, हा उपदेश आता आपल्यातीलच काही शिकलेली मंडळीही करू लागली आहेत. ज्ञानाची वाटणी जन्मावरून करणारी व्यवस्था आपण टाकून दिली. तीच वाटणी आता हुद्द्यावरून करावयाची असेल, तर दीक्षा घेऊन आपण मिळविले ते काय?

हा प्रश्न हवेतला नाही. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली व ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठविली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. तेव्हा हा हुकूम अर्थकारणाचा होता, तसाच परराष्ट्र धोरणाचाही होता. टोकावड्याच्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने एवढेच पाहावे की, मुरबाड-शहापूर भागाचे मुख्य पीक भात आहे आणि ताटातले अन्नही भातच आहे. येथला एक दाणाही बोटीत चढत नसेल. परंतु देशात माल अडून राहिला की त्याचे ओझे खाचरातल्या भाताच्या भावावर पडतेच.

आता या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहा. बंदीचे समर्थक म्हणतात, तांदूळ महागत असताना आधी देशातील माणसाला खाऊ घालणे हे राज्याचे कर्तव्य आहे. रेशनवर मिळणारे धान्य महिनाभर पुरत नाही आणि उरलेले बाजारातूनच घ्यावे लागते. हे म्हणणे खोटे नाही. विरोधक म्हणतात, चार पैसे मिळण्याची वेळ आली की शेतकऱ्याचेच दार बंद होते. शिवाय आपल्या तांदळावर जगणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतील गरीब देशांच्या तोंडचा घास जातो. हेही खोटे नाही. आपल्या वस्तीत तर हे दोन्ही पक्ष शेजारी शेजारी राहतात. एका घरी दोन खाचरे आहेत, दुसऱ्या घरी लावणीची मजुरी आहे. एकाला भाव चढावा असे वाटते, दुसऱ्याला तो उतरावा असे वाटते. माझे मत स्पष्ट आहे: भुकेल्याला स्वस्त धान्य मिळालेच पाहिजे, परंतु त्याची किंमत सरकारी तिजोरीने द्यावी, ती लहान शेतकऱ्याच्या खिशातून काढणे हा अन्याय आहे. ज्याला हे पटत नसेल त्याने खोडून काढावे. गप्प मात्र बसू नये.

बाबासाहेब गप्प बसले नाहीत. १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यात केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाचे मत खोडून काढले आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. रुपयाचा दर घसरला की निर्यातदाराला होणारा फायदा मजुराच्या खऱ्या मजुरीतून कापला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. १९५१ साली मंत्रिपद सोडताना त्यांनी जी कारणे दिली, त्यांत परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातून सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि याचे मूळ मित्र न जोडणाऱ्या धोरणात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावरील भाबड्या विश्वासावर आणि तिबेटवरील चीनचा हक्क मान्य करण्यावर कठोर टीका केली. १९६२ साली काय झाले, ते सांगावयास नको.

तथापि दुसऱ्या बाजूचीही एक चूक आहे. ‘बाबासाहेब म्हणाले, आता वाद संपला,’ असे म्हणणारे बंधू त्यांचा गौरव करीत नाहीत. राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा मार्ग आहे, हा इशारा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. केवळ गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. काश्मीरची फाळणी करावी, हे बाबासाहेबांचे त्या वेळचे मतही आज आपण आधार व आकडे मांडून तपासू शकतो. तपासून पटले तर स्वीकारावे, न पटले तर तसे सांगावे. हीच अनुयायाची रीत आहे.

वादाची शिस्त आपल्याला परकी नाही. संघात ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे आणि शलाकांनी मत घेण्याचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी त्याच भाषणात देशाला करून दिली होती. म्हणून वंदनेनंतर विहारात महिन्यातून एकदा असा एक प्रश्न घ्या. प्रथम विरोधी पक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडा, मग त्याचे खंडन करा. आकडा सांगणाऱ्याने तो कोठून आणला ते सांगावे. आणि ज्या भगिनी चिखलात उभ्या राहून लावणी करतात, त्यांना बोलण्याची पाळी शेवटी नव्हे, आधी द्या. भाताचा भाव त्यांच्याइतका कोणाला कळतो?

मत देण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे. परंतु ज्या प्रश्नावर आपण बोलतच नाही, त्यावर दिलेले मत आपले नसते. ते दुसऱ्याने आपल्या हातून टाकलेले असते.