‘छान आहे’ म्हणून उठू नका



घरातले लेकरू चित्र काढून दाखवते तेव्हा आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात. ‘छान आहे’, नाहीतर ‘हे काय काढलंस?’ पहिल्या उत्तराने पोर खूश होते, पण पुढचे चित्र तसेच निघते. दुसऱ्याने ते मोबाईल पालथा घालते आणि पुन्हा काही दाखवत नाही. हल्ली तिसरेही एक उत्तर निघाले आहे, ‘मशीनकडून काढून घेतलंस ना?’ चार-चार रात्री बोटाने रेघा ओढणाऱ्या पोराला यासारखा अपमान नाही.

शिवाय मोठ्यांची एक सबब ठरलेली असते, ‘आम्हाला चित्रातलं काय कळतंय?’ आज आम्हाला लिहावयाचे आहे ते या सबबीबद्दल.

अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला आमच्या नात्यातली एक मुलगी अकरावीत शिकते. घरी संगणक नाही. वडिलांच्या जुन्या मोबाईलवर, चित्रे काढण्याच्या एका फुकट ॲपमध्ये ती बोटाने जनावरे काढते. मध्यंतरी तिने खिलार बैल काढला. पांढराशुभ्र रंग, अंगावरच्या केसांची बारीक रेघ न् रेघ, डोळ्यांत चमक. ज्याने पाहिला त्याने अंगठा दाखवला आणि तो आपल्या कामाला लागला.

शेजारच्या आजोबांनी मात्र मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून काढलेली. त्यांनी एवढेच विचारले, “ह्येच्यावर जू कुठं ठेवणार गं तू?”

पोरगी बघतच राहिली. बैलाचे वशिंड सरकून पार पाठीच्या मध्यावर गेले होते, उंटासारखे! वशिंड असते खांद्यावर, पुढच्या पायांच्या वर, आणि जू बसते त्याच्या पुढे, मानेवर. आजोबांनी ‘चुकलं’ हा शब्द उच्चारला नाही. प्रश्न असा टाकला की चूक तिची तिलाच दिसावी.

मग गप्पा रंगल्या. खिलाराची शिंगे बुडाशी जवळजवळ असतात, मागे जातात, बाहेर बाक घेतात आणि टोके वर येतात. हिने ती म्हशीसारखी काढली होती. कान शिंगांच्या खाली, बाजूला हवेत. तोंड उघडे दाखवून वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात काढले होते. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. बाजारात बैल घेताना दोन दाती का चार दाती म्हणून तोंड उघडून बघतात, ते खालचेच दात. ज्याने एकदा बैलाचे तोंड उघडून पाहिले आहे, त्याला हे सांगायला कुठल्या कलाशाळेचा दाखला लागतो?

बैल त्या आजोबांचा कधीच नव्हता, मालकाचा होता. त्याची माहिती मात्र त्यांची स्वतःची. आपल्या वस्तीवस्तीत असे आजोबा आहेत, शेळ्या राखलेल्या आज्या आहेत. त्यांना चित्र दाखवतो कोण?

न दाखवल्याने काय होते याचे एक जुने उदाहरण सांगतो. १५१५ साली गोव्याहून जहाजाने एक गेंडा पोर्तुगालच्या राजाकडे लिस्बनला गेला. जर्मनीतला नामांकित चित्रकार ड्यूरर याने तो पाहिला नव्हता. कुणाचे तरी पत्र आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र केले. कातडी लोखंडी चिलखतासारखी केली आणि पाठीवर, मानेच्या मागे, एक जादा शिंग बसवले. चित्र इतके सुरेख की युरोपात दोनशे वर्षांहून अधिक काळ त्याच्या नकला होत राहिल्या, शिंगासकट! इकडे ज्या हातांनी त्या गेंड्याला चारा घातला, त्यांतल्या एकाने ते शिंग एका वाक्यात खोडले असते.

पण माहिती आहे म्हणून लगेच तुटून पडू नये. आधी विचारावे, ‘तुला काय दाखवायचंय?’ १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन जगभर गाजले ते घोड्यांमुळे. त्या घोड्यांच्या माना आणि पाय टांग्याच्या घोड्याला लावून पाहिले तर जुळायचे नाहीत. त्यांना घोड्याचा वेग आणि उसळी पकडायची होती. आपल्या पोरीने लहान मुलांच्या गोष्टीसाठी हसणारा बैल काढला असता, तर वरचे दात शोभलेच असते. तिला हवा होता शेतात राबणारा खिलार, म्हणून दात काढून टाकणे योग्य.

आता मोबाईलवरच्या चित्राविषयी. कागदावर खोडरबर फार घासले की कागद फाटतो, इथे ती भीती नाही. अंग एका थरावर, शिंगे दुसऱ्या थरावर अशी काढता येतात. मग अंगाला धक्का न लावता शिंगे तेवढी बदलता येतात. पोरांना हे थर वापरायला सांगा. आणि आपले म्हणणे कच्च्या रेघा असतानाच सांगा. सगळे केस रंगवून झाल्यावर ‘पाय आखूड झालेत’ म्हणणे म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया सरकवायला सांगणे. बहुतेक ॲपांत चित्र आरशासारखे उलटवायचे बटण असते. रोज पाहून डोळा सरावतो. उलटवले की कलंडलेले डोके किंवा लहान-मोठे डोळे चटकन उघडे पडतात.

मागचा पाय तर हमखास फसतो. त्यात मागे वळलेला जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा समजतो, पण ती जनावराची टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ. पोराला चवड्यांवर उभे करून टाच कुठे येते ते पाहायला सांगा, बैलाचा पाय त्याला आपल्याच पायात सापडेल.

एका वेळी एक-दोन गोष्टी पुरेत. त्यांतही आधी मोठी, म्हणजे अंगाची ठेवण. डोळ्यातली चमक शेवटी. जे साधले आहे तेही नेमके सांगावे. ‘छान’पेक्षा ‘गळ्याखालची पोळी खरी लोंबतीय’ हे बोलणे पोराच्या जास्त कामाचे, पुढच्या वेळी काय टिकवायचे ते त्याला कळते. दुसऱ्याच्या चित्रावर न विचारता आपले बोट फिरवू नये. आणि चार पाहुण्यांसमोर तर दुरुस्ती सांगूच नये.

पाहून काढायला फोटो घ्यायचा असेल तर मोबाईल जनावराच्या तोंडाजवळ नेऊ नका. जवळून घेतलेल्या फोटोत नाकाड मोठे आणि मागचे अंग बारीक येते, तेच मग चित्रात उतरते. दहा पावले मागे व्हा, खाली बसा, मग घ्या.

सध्या ती मुलगी काळविटांचा कळप काढते आहे. कच्च्या रेघांत सगळ्यांनाच पिळदार शिंगे आहेत, अगदी माद्यांनाही. काळविटाच्या मादीला साधारणपणे शिंगे नसतात आणि रंगही नरासारखा काळा नसतो, फिकट तपकिरी असतो. हे तिला तोंडी सांगण्यापेक्षा एखाद्या रविवारी सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला न्यावे असे तिच्या वडिलांशी बोलणे झाले आहे. तिथल्या अभयारण्यात माळढोक दिसेलच असे आता नाही, पण काळविटांचे कळप दिसतात. आपापली चित्रे काढणारी पोरे कुणाला बरोबर पाठवायची असतील तर सांगावे. सकाळी लवकर निघायचे आहे. पाणी ज्याने त्याने घ्यावे, माळावर सावली नाही.